यमाच्या वहीतून सुटलेली नावं

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय मिळाली. आधी ही अट ८० ची होती. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून तिकीट लागत नाही. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सरकारदरबारी म्हातारपणाचे असे टप्पे पडू लागले आहेत, कारण म्हातारी माणसं वाढली आहेत. २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची लोकसंख्या दहा कोटींच्या वर होती.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घराघरांत मात्र या माणसांबद्दल एक वेगळाच प्रश्न पडतो. पाहुणा ओट्यावर टेकतो आणि विचारतो, ‘काय आजी, कशी काय तब्येत?’ नव्वदीची आजी अहिराणीत सांगते, ‘यमनी वहीमा मनं नाव चुकी गयं दखा.’ पाहुणा हसतो, सून ओशाळते आणि मुलगा डाफरतो, ‘असं अभद्र बोलू नये!’ मग सगळे गप्प होतात. आजी खरंच मरणाला भ्यायली आहे का? तिची बुद्धी चळली आहे का? की हा घरच्यांना टोमणा आहे? म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रश्नांची बरीच उत्तरं शोधली आहेत. ती समजून घेतली तर त्या ओट्यावरचा अवघडलेपणा टळू शकतो, म्हणून हा लेख.

साठीचं आणि नव्वदीचं म्हातारपण एक नाही

आपण ‘म्हातारपण’ या एका शब्दात तीस-पस्तीस वर्षं कोंबतो. अभ्यासक ८० च्या पुढच्या वयाला अतिवृद्धत्व म्हणतात आणि ते वेगळं मोजतात. साठी-सत्तरीत माणूस रिटायर झाला तरी कामात असतो. शेतावर चक्कर असते, नातवंडं शाळेत सोडायची असतात, भजनी मंडळ असतं, वारी असते. पंचाऐंशीनंतर गुडघे, डोळे आणि कान एकेक करून साथ सोडतात. त्याहून मोठा घाव म्हणजे बरोबरीची माणसं संपतात. ‘तुला आठवतं का?’ असं ज्याला विचारता येईल असा गावात एकही जण उरत नाही.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले होते. शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून पाहतो, आणि ‘जे झालं ते माझं होतं’ असं त्याला म्हणता आलं तर तो समाधानी होतो. हे त्यांनी ऐन उमेदीत लिहिलं. पुढे ते स्वतः ९१ वर्षांपर्यंत जगले. त्यांच्या पत्नी जोन यांनी दोघांचं म्हातारपण जवळून पाहिलं आणि त्यात नववा टप्पा जोडला. त्यांचं हे लिखाण १९९७ मध्ये आलं, तेव्हा त्या नव्वदीत होत्या. त्यांचं म्हणणं असं की अतिवृद्धपणी आधी जिंकलेले सगळे गड पुन्हा डळमळतात. लहानपणी शरीरावर बसलेला विश्वास हलतो, कारण पाय कधी दगा देईल ते सांगता येत नाही. आपलं आपण करण्याचा अभिमान हलतो, कारण आंघोळीलाही कुणीतरी लागतं. म्हणून सत्तरीच्या माणसाला दिलेला ‘छंद लावून घ्या’ हा सल्ला नव्वदीत कामाला येत नाही. तिथे हातात उरलेल्या थोड्या गोष्टींतून अर्थ काढावा लागतो, आणि बोलणं ही त्यातली बहुतेक वेळा शेवटपर्यंत उरणारी गोष्ट आहे.

शरीर थकलं तरी मन का खचत नाही?

इतकं सगळं गेल्यावर माणूस दुःखीच असणार, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी नव्वदच्या दशकापासून याचा अभ्यास केला, आणि वेगळंच चित्र समोर आलं. तरुणांपेक्षा म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या दिवसात राग, हेवा, काळजी यांचं प्रमाण बऱ्याचदा कमी असतं. याचा उलगडा त्यांनी काळाच्या जाणिवेतून केला. समोर किती काळ आहे असं माणसाला वाटतं, त्यावर तो काय निवडतो हे ठरतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक आठवा. हाताशी चार दिवस असतात. ती गावातल्या प्रत्येक ओळखीच्या घरी जात नाही. आईजवळ बसते, मैत्रिणींबरोबर झोक्यावर गाणी म्हणते, आमरस खाते. भावजयीच्या एखाद्या वाकड्या बोलण्याकडे कानाडोळा करते, कारण चार दिवसांतला एक दिवस भांडणात घालवणं तिला परवडत नाही. तीच लेक दोन महिन्यांसाठी आली असती तर वाद झाले असते, रुसवे झाले असते. नव्वदीच्या माणसाचं मन असं सतत आखाजीत असतं. जी माणसं आणि ज्या गोष्टी खरोखर जवळच्या आहेत तेवढ्या ते ठेवतं आणि बाकीच्या सोडून देतं.

हे प्रयोगांतही दिसलं आहे. आनंदी, दुःखी आणि साधी अशी चित्रं दाखवून नंतर काय आठवतं ते विचारलं, तेव्हा म्हाताऱ्यांना दुःखी चित्रांच्या मानाने आनंदी चित्रं जास्त आठवली. तरुणांत हा फरक तितका नव्हता. मेंदूत अमिग्डाला नावाचा एक लहान भाग भावनांना प्रतिसाद देतो. वयस्कर माणसांत तो वाईट चित्रांना कमी आणि चांगल्या चित्रांना त्या मानाने जास्त दाद देताना आढळला.

याला मर्यादाही आहे, आणि ती लपवून चालणार नाही. जर्मनीतल्या दीर्घकाळच्या नोंदींतून असं दिसलं की अगदी शेवटच्या काही वर्षांत, मरण जवळ येतं तसं, पुष्कळांचं समाधान घसरतं. दुखणं फार असेल, एकटेपणा असेल, तर मनाची ही ताकद पुरी पडत नाही. आजी हसते म्हणजे आजीला काही दुखत नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

मग मरणावर विनोद कशासाठी?

आपल्याकडे मरणाबद्दल बोलायच्या ठरलेल्या रीती आहेत. ‘लाकडं स्मशानात गेली’, ‘पिकलं पान’ हे शब्द म्हातारी माणसं स्वतःबद्दल सहज वापरतात. घरातले तरुण तो विषय टाळतात. म्हणजे ज्याचं मरण जवळ आहे त्याला बोलायचं असतं आणि ज्यांचं लांब आहे त्यांना ऐकवत नाही. या दोघांमधली अडचण विनोदाने सुटते. गंभीरपणे सांगितलं तर सून रडेल, मुलगा उठून जाईल. हसत सांगितलं तर निदान ऐकून तरी घेतील, एवढा विचार त्या म्हाताऱ्या मनाने केलेला असतो.

व्हिक्टर फ्रांकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून जगून बाहेर आले आणि ९२ व्या वर्षी वारले. छावणीत मन शाबूत ठेवायच्या हत्यारांत ते विनोदाला धरत. कामाच्या जागी शेजारी असलेल्या एका सोबत्याशी त्यांनी ठरवलं होतं की रोज एक तरी मजेदार प्रसंग रचायचा, सुटका झाल्यावर घडू शकेल असा. परिस्थिती बदलणं हातात नसतं तेव्हा तिच्यापासून घडीभर लांब उभं राहता येतं, आणि हसू येतं ते तिथून. नव्वदीतल्या माणसाच्याही हातात परिस्थिती नसते.

जगात सर्वांत जास्त जगल्याची नोंद असलेल्या फ्रान्सच्या जान काल्मां १९९७ मध्ये १२२ वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांच्याबद्दल असं सांगतात की निरोप घेताना कुणी म्हणालं, ‘पुढच्या वर्षी भेटू, कदाचित.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘का नाही? तुमची तब्येत तर चांगली दिसते आहे.’ आपल्याकडच्या आज्या अशाच बोलतात, फक्त त्यांचं कुणी लिहून घेत नाही.

विनोदाचेही प्रकार असतात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी त्याचे चार प्रकार पाडले: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला पायदळी तुडवणारा. पहिले दोन मनाला बळ देतात. चौथा अनेकदा खिन्नतेच्या जोडीने येतो. ‘यम माझं नाव विसरला’ हे सावरणं झालं. ‘मी म्हणजे घरातली अडगळ, भंगारवाल्याला देऊन टाका’ हे पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल तर तिथे हसून पुढे जाऊ नये. तिला अडगळ का वाटतं, हे आधी पाहावं.

अर्थ कुठून येतो: कावळ्यांची फौजदार

माझ्या आत्याच्या सासूबाई चोपडा तालुक्यात राहायच्या. नव्वदी ओलांडली होती आणि चालणं जवळजवळ बंद झालं होतं. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या की त्यांना उचलून सावलीत खाटेवर बसवत आणि हातात एक लांब काठी देत. काम एकच, कावळे हाकलायचे. त्या खाटेवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, ‘सरकारनी माले कावळास्ना फौजदार करी टाकं.’ कुठला कावळा आज गैरहजर आहे, कुठल्याने काल चोरी केली, याची त्या संध्याकाळी घरात खबर देत. गल्लीतली पोरं ती ऐकायला यायची. बिबडी वाळली की पहिला तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला जाई. दात नव्हते, त्या तो तोंडात भिजवत ठेवत आणि मीठ कमी की जास्त ते सांगत. त्यांचा शब्द शेवटचा असे.

एका कडक उन्हाळ्यात घरच्यांनी काळजीपोटी त्यांना गच्चीवर न्यायचं बंद केलं आणि खाली कूलरसमोर निजवलं. त्यात चूक कुणाची नव्हती. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पण त्यांचं बोलणं आटत गेलं. शेवटी नातसुनेने भुईमुगाच्या शेंगांची परात त्यांच्यापुढे आणून ठेवली आणि म्हणाली, ‘आजी, एवढं निवडून द्या, मला वेळ नाही.’ त्यांनी एक शेंग फोडली, परातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘फौजदारनी बदली व्हई गयी.’ सगळं घर हसलं. कूलरने जे जमलं नव्हतं ते शेंगांनी केलं.

अभ्यासक हेच वेगळ्या भाषेत सांगतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांच्या मते यशस्वी म्हातारपणात तीन गोष्टी दिसतात: थोडंच निवडायचं, निवडलेलं नीट करायचं आणि जे जमत नाही त्याला पर्याय शोधायचा. ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचा दाखला देत. ऐंशीच्या वयात ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांचाच सराव जास्त करत आणि द्रुत भाग येण्याआधी मुद्दाम थोडं संथ वाजवत, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून जास्त वाटे. शेंगांची परात हाही तसाच पर्याय होता. ते काम खरं होतं, म्हणून उपयोगी पडलं. निवडलेल्या शेंगदाण्यांची त्या रात्री चटणी झाली नसती, परात नुसती हात गुंतवायला ठेवली असती, तर ते त्यांना लगेच कळलं असतं. खोटं काम देऊन म्हाताऱ्या माणसाला फसवता येत नाही.

तापी आणि पूर्णेच्या संगमावर मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवाचं देऊळ आहे. चांगदेव योगबळाने चौदाशे वर्षं जगले, अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, वयाने लहान म्हणावं की ज्ञानाने मोठे म्हणावं. शेवटी कोरा कागद पाठवला. तो पाहून लहानगी मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! चांगदेवांनी ते मनाला लावून न घेता तिलाच गुरू केलं, असं परंपरा सांगते. नुसतं वय वाढल्याने अर्थ हाती लागत नाही. त्या चौदाशे वर्षांच्या म्हाताऱ्याला तो एका पोरीच्या बोलण्यातून मिळाला. कावळ्यांची खबर ऐकायला येणाऱ्या पोरांशिवाय आत्याच्या सासूबाईंची फौजदारीही चालली नसती.

‘त्याच त्या गोष्टी किती वेळा ऐकायच्या?’

ही तक्रार खरी आहे. दुष्काळात सुकडी खाल्ल्याची गोष्ट, बैलगाडीने तापी ओलांडल्याची गोष्ट रोज सुरू झाली की घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पूर्वी डॉक्टरही याला बुद्धी मंदावल्याचं लक्षण मानत. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी सांगितलं की शेवटी आयुष्य परत चाळणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे. मन जुने हिशेब काढतं, जुळवतं, काहींवर काट मारतं. गोष्ट पुन्हा येते, कारण तिच्यातला एखादा हिशेब अजून जुळलेला नसतो.

तेव्हा ऐकणाऱ्याने तोच शेवट ऐकत बसण्यापेक्षा नवा प्रश्न घालावा. ‘गाडी पाण्यात असताना बैलांची नावं काय होती?’ ‘त्या दिवशी तुमच्या अंगावर लुगडं कुठलं होतं?’ गोष्ट वेगळ्या वाटेला लागते आणि कधी कधी जन्मात न सांगितलेलं काही बाहेर येतं. कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या रोटांचा गहू कसा मोजायचा, आखाजीच्या झोक्यावर कुठलं गाणं आधी म्हणायचं, कुठलं कुळ मुळात कुठल्या गावचं, हे या माणसांखेरीज कुणाकडे नाही. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढे उपयोग होईलच, पण आज त्या माणसाला कळतं की आपल्याकडचं काही कुणाला हवं आहे.

‘बोलतो हो, पण त्यांना ऐकूच येत नाही’

माझ्या मते घरोघरच्या अबोल्याचं सर्वांत दुर्लक्षित कारण हे आहे. वयाने कान जातात तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, फ, त असे वर्ण विरघळतात आणि आवाज येतो पण शब्द कळत नाही. त्यात विनोदाचा बळी पहिला जातो, कारण विनोदाला वेळ साधावी लागते. दोनदा ‘काय?’ म्हटलं की मजा संपते. तिसऱ्यांदा माणूस विचारत नाही, सगळे हसले की हसतो, आणि नंतर बैठकीतून उठून जातो.

ओरडून फायदा नाही. ओरडल्याने आवाज चढतो आणि वर्ण आणखी बिघडतात, शिवाय भांडतोय असं वाटतं. समोर उजेडात बसावं, टीव्ही बंद करावा, जरा खालच्या पट्टीत सावकाश बोलावं. डॉक्टरांकडून कानातला मळ तपासून घ्यावा, पुष्कळदा तेवढ्याने फरक पडतो. श्रवणयंत्र लागत असेल तर त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ते कपाटात पडून राहतं. ऐकू न येणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारं आणि ज्यावर उपाय करता येतो असं कारण आहे, असं अलीकडच्या वैद्यकीय आढाव्यांत मानलं गेलं आहे. सुरतेला, पुण्याला असलेल्या मुलांनी व्हिडिओ कॉल करताना चेहरा नीट दिसू द्यावा. म्हातारी माणसं ओठांवरून बरंच वाचतात.

‘पण डोकं फिरलं असेल तर?’

जन्मभर हसतं बोलणारं माणूस नव्वदीत यमावर विनोद करत असेल तर काळजीचं कारण नाही. स्वभावच पालटला तर आहे. कधी कुणाला वाकडं न बोललेला माणूस अचानक अचकटविचकट बोलू लागला, कुणाच्या मयताला हसू लागला, थांबवल्यावरही थांबेना, तर डॉक्टरांना दाखवावं. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशांत विसराळूपणाच्याही आधी विनोदाची जात बदलते. एक-दोन दिवसांतच माणूस भ्रमल्यासारखं बरळू लागलं, तर ती तातडीची बाब आहे. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी किंवा क्षार कमी होणं, एखादं नवं औषध, ही नेहमीची कारणं असतात, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे ती जास्त.

खिन्नता ओळखायची तर विनोदानंतरचा क्षण बघावा. विनोद करणारं माणूस तुमच्या तोंडाकडे बघतं, दाद मागतं. ‘ने रे देवा’ म्हणून भिंतीकडे तोंड करणारं माणूस काहीच मागत नाही. जेवण तुटलं, झोप उडाली, आवडत्या नातवाकडेही लक्ष नाही, असं दोन आठवडे चाललं तर ते वयाने होतं म्हणून सोडू नये. त्यावर उपचार आहेत. जगणं नको वाटतं का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दोन्ही फोन नंबर मोफत आहेत.

‘हे सगळं पोट भरलेल्यांचं’

नंदुरबारच्या पाड्यांवरून पोरं ऊसतोडीला गुजरातेत जातात तेव्हा मागे उरलेल्या म्हातारीला अर्थ वगैरे विचारणं क्रूर वाटेल. आणि ते बरोबरच आहे. चूल पेटली नाही तर वर सांगितलेलं काहीही लागू होत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये वेळेवर येणं, रेशन मिळणं, मोतीबिंदू निघणं ही पहिली पायरी आहे. मुलं सांभाळत नसतील तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांपुढे चालणाऱ्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. शेत नावावर करून देताना ‘सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. अट मोडली तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. सातबारा आधी आणि विश्वास नंतर, असं करायची वेळ कुणावर येऊ नये, पण येते.

तरीही गरिबीत विनोद नसतो हे मी मानत नाही. रोजगार हमीच्या कामावर, बाजारात भाजीच्या पाटीमागे, सरकारी दवाखान्याच्या रांगेत म्हातारी माणसं ज्या धारेने बोलतात ती ऐकून बघावी.

‘त्यांना बोलायचंच नसेल तर?’

असंही होतं आणि त्यातही बिघाड असेलच असं नाही. स्वीडनचे समाजशास्त्रज्ञ लार्स टोर्नस्टाम यांनी दाखवलं की काही माणसं अतिवृद्धपणी आपणहून शांत होतात. गर्दी नको वाटते, वस्तूंची ओढ सुटते, गेलेल्या माणसांशी जवळीक वाढते. जेवणखाण, झोप ठीक असेल आणि चेहरा निवलेला असेल, तर त्यांना बळेच गप्पांत ओढू नये. शेजारी बसावं, आपलं काम करत राहावं. मेथी निवडायची असेल तर तिथेच निवडावी. मनात आलं तर तेच काहीतरी बोलतील. आणि ते यमाबद्दल असलं तर ‘असं बोलू नये’ म्हणण्याऐवजी विचारावं, ‘मग वहीत आधी कुणाकुणाची नावं होती, आजी?’